हेडचे सहा बोल्ट

लढाईच्या वर्षांत मी गुंजवण्याजवळच्या एका भाताच्या गिरणीवर डिझेल इंजिन चालवायला होतो. घर भोरला, पण बायको गेल्यावर तिथं मन लागेना, म्हणून ही आडवाटेची नोकरी पत्करली. इंजिनाच्या आवाजात एकटेपण ऐकू येणार नाही, असं वाटलं होतं. दिवसभर खरंच यायचं नाही. संध्याकाळी पट्टा उतरवला की ते बोकांडी बसायचं.

मालक पंधरवड्यातून एकदा डोकावायचे. शेतकरी भात टाकत, तांदूळ उचलत आणि चालू लागत. निवांत बसणारे एकच, वरच्या धनगरवाड्यातले एक म्हातारबाबा. सकाळी दूध घालायला आले की इंजिनासमोर उकिडवे बसून तासभर पाहत राहायचे. आम्ही फार बोलायचो असंही नाही. पण त्या एका तासासाठी मी सकाळी उठायचो, हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

एका मोसमात हेडखालचं, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखालचं, तांब्याचं गास्केट जळालं. लढाईमुळे तांब्याचा पत्रा मिळायची मारामार. मालकांनी कुठूनतरी एकच नवं पैदा केलं. हेड बसवताना बाबा शेजारी होते आणि ऐकणारा मिळाला की माझं तोंड थांबत नाही. बोल्ट आधी हातानं फिरवायचे, मग पाना लावायचा, पण ओळीनं नाही. एक इकडचा, की दुसरा त्याच्या समोरचा. तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत, थोडं थोडं. नाहीतर हेड एका अंगाला चेपतं. मग इंजिन तासभर चालवायचं, पुरतं गार होऊ द्यायचं आणि त्याच क्रमानं पुन्हा आवळायचं. खांदा भरून आला होता, म्हणून हे शेवटचं आवळणं मी दुसऱ्या सकाळवर टाकलं.

सकाळी ओढ्यावरून अंघोळ करून आलो, तर पाना बाबांच्या हातात.

"म्या आवळल्यात," ते म्हणाले. "तुमचा खांदा दुखतोय न्हवं."

मला ते रुचलं नाही, पण बोल्ट घट्ट लागले, म्हणून इंजिन सुरू केलं. घटकाभरात हेडखालून शिट्टी फुटली, धूर आला आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे केलं. म्हशी वळायच्या सोडून तुला इथं कुणी बोलावलं, असं चार शेतकऱ्यांदेखत विचारलं. समोरासमोरचेच आवळले, तुम्ही दाखवले तसेच, एवढंच ते म्हणाले. पाना पुसून जागेवर ठेवला आणि चढणीला लागले.

दुपारी हेड उतरवलं. सहाही बोल्ट सारख्याच जोरानं सुटले. एकही ढिला नाही, एकही जास्त घट्ट नाही. गास्केटला एका जागी जळकी रेघ होती आणि तिच्याखाली, सिलिंडरच्या तोंडावर, कोळसा झालेला भाताचा दाणा चिकटलेला; आदल्या दिवशी दबून राहिलेला तो जळाला आणि तिथं फट पडली. गिरणीत भात चहूकडे उडतं, म्हणून हेड ठेवण्याआधी ते तोंड रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्यावं लागतं. ते काम माझं. बोलण्याच्या नादात मी ते विसरलो होतो. त्या दाण्याकडे बघताना मला रडू आलं.

दोन दिवस बाबा आले नाहीत, दूधही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वर चढलो. त्यांच्या म्हातारीनं घोंगडी टाकली, ताक दिलं. बाबा गोठ्यात होते. दाण्याचं सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो, उद्यापासून पहिल्यासारखे येऊन बसा म्हणून विनवलं.

"चूक तुमची व्हती, म्हून तुमी आलात," ते म्हणाले. "माजी असती तर आला असता व्हय?"

आलो असतो, असं खोटं मी बोललो नाही. दूध पोचतं करीन म्हणाले आणि ते म्हशीकडे वळले.

महिन्यानं गास्केट मिळालं. हेड नीट बसलं. त्या गिरणीवर मी आणखी दोन मोसम काढले. दूध एक दिवसही चुकलं नाही. मी अंघोळीला गेलो की उंबऱ्यावर ठेवलेलं असायचं.