गडहिंग्लजला मागितलेली माफी

अब्बा वारले तो शुक्रवार होता. आमच्याकडे जनाजा उठण्याआधी मुलानं उभं राहून विचारायचं असतं: यांच्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. मी विचारलं. जमलेले लोक म्हणाले, माफ केलं. पण ज्यांच्या तोंडून ते ऐकायला हवं होतं, ते तिथं नव्हते.

नव्वदच्या दशकात अब्बा कोल्हापूरच्या शाहूपुरीत बुकबाइंडिंग करत. कबीरा, म्हणजे मोठे गुनाह, त्यांनी मला लहानपणीच बोटांवर मोजायला शिकवले होते. दारू, व्याज, जुगार यांची त्यांना भीती नव्हती; त्या वाटेला ते जाणारच नव्हते. भीती जिभेची होती. समोर नसलेल्या माणसाचा विषय दुकानात निघाला की ते चिकटवायची खळ ढवळायला उठत.

एकदाच उठले नाहीत. शेजारच्या गाळ्यातले लिंगायत काका हाच धंदा करत. एका हेडमास्तरांनी विचारलं, शाळेची रजिस्टरं त्यांना द्यावीत का? अब्बा म्हणाले, त्यांचा हात आता थरथरतो. ते खरंच होतं. पण पाठीमागे सांगितलेलं खरंसुद्धा गीबतच, म्हणजे निंदाच, आणि तीही कबीरा. काम काकांकडे गेलं नाही. वर्षभरात गाळा सोडून ते गडहिंग्लजला मुलीकडे राहायला गेले.

अब्बा म्हणत, अल्लाहचं चुकलं तर अल्लाह माफ करील, माणसाचं चुकलं तर त्या माणसानंच करायला हवं. तरी ते गडहिंग्लजला कधी गेले नाहीत. त्यांना लाज वाटत असावी, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र नाही.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाला तरी मला पुस्तक धरवेना. एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. शेवटी एसटी पकडली.

काकांनी ओळखलं, चहा पाजला, अब्बांच्या शिलाईचं कौतुक केलं. मी सगळं सांगून टाकलं आणि अब्बांच्या वतीनं माफी मागितली. ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"मला वाटत हुतं, कुणाच्या ध्येनात आलं न्हाय," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "तुझ्या अब्बास्नी माफ हाय. पर तू हे कशाला सांगितलंस रं?"

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, अब्बांनी हे मौलानांना विचारलं होतं. त्यांनी बजावलं होतं की त्या माणसाला ठाऊक नसेल तर सांगून दुखवू नका, त्याच्यासाठी दुआ करा. अब्बा रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर काकांच्या हातांसाठी दुआ करत. त्यांचे ओठ हलताना मी वर्षानुवर्षं पाहिले होते.

त्यानंतर दोनदा स्टँडवर गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा त्यांच्या हातांचा विषय काढायचा.

अब्बांना माफी मिळाली. माझी मागायची राहिली आहे. फजरनंतर मी काकांसाठी दुआ करतो.