बारा मिनिटांची कुस्ती

धसईला आमची गिरणी आहे. एका यंत्रावर भात भरडलं जातं, दुसऱ्यावर तांदळाचं आणि नाचणीचं पीठ पडतं. तिसरं यंत्र म्हणजे दाराशी पोत्यांवर बसलेले तीन म्हातारे. त्याला वीज लागत नाही. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय झालेली, त्यामुळे लाइट गेली तरी हे तिघं त्याच पट्टीत ओरडत राहतात आणि सगळ्या बाजाराला कळतं की आज कुठल्या पैलवानाचा उद्धार चाललाय.

विषय एकच. आजवरचा सगळ्यात मोठा पैलवान कोण? मी गिरणी हातात घेतली त्याला दहा-बारा वर्षं झाली, आणि हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अहो, तेवढ्यात लोकांची घरं बांधून झाली, पोरांची लग्नं झाली!

तिघांतले एक मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण हातातली वही सुटली नाही. त्यांचा पैलवान मुरबाडकडचा. मास्तरांनी त्याला कधी पाहिलेला नाही, कारण मास्तर जन्मायच्या आधीच तो वारला होता. तरी तो कुठला डाव डाव्या हाताने टाकायचा हे ते शपथेवर सांगतात. दुसरे कंडक्टर. तीस वर्षं एसटीत काढली. त्यांच्या मते सर्वांत मोठा पैलवान म्हणजे त्यांचे सख्खे मामा. याच्यापुढे काय बोलणार?

आणि तिसरे माझे वडील, आबा. गुडघे गेले तेव्हा गिरणी माझ्या गळ्यात टाकली, पण पोत्यावरची जागा सोडली नाही. रोज सकाळी गुडघ्यांना करंजेल चोळून येतात. करंजाचं तेल आमच्याकडे गुरांना खाज सुटली की लावतात. त्याचा वास असा की गिऱ्हाइकं मला विचारतात, "ताई, पिठाला कसला गो वास येतो?" मी शंभरदा सांगितलं की आबा, मेडिकलमधून मलम आणू. ऐकतील तर शप्पथ!

तर आबांचा पैलवान शहापूरचा. मुरबाड तालुक्यात बसून, मुरबाडचा तांदूळ खाऊन, शहापूरच्या माणसाला सगळ्यात मोठा म्हणायचं, म्हणजे गद्दारीच की! कंडक्टर म्हणायचे, "तुमाला शहापुरात कोणी सासुरवाडी दिली का?" आबा हटायचे नाहीत. "नाय! तो उतरला की दोन मिनिटांत समोरचा चीत. दोन! घड्याळ लावा."

मागे एकदा शेजारच्या मोबाइलवाल्याने तिघांना बॉक्सिंग दाखवलं होतं. जगातला सर्वांत मोठा मुष्टियोद्धा म्हणे. तिघांनी एका मोबाइलवर डोकी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. आबा म्हणाले, "हाताला उशा बांधून कसली मारामारी? आन् पडला की आकडे मोजत बसतात! तेवढ्यात आमचा माणूस घरी जाऊन जेवला असता." मोबाइलवाला परत आला नाही.

शहापूरच्या पैलवानावर आबांचा एवढा जीव का, ते मला लहानपणापासून पाठ आहे. विशीत असताना आबा आजोबांबरोबर शहापूरकडच्या एका जत्रेत बैल विकायला गेले होते. तिथे आखाडा लागलेला. हलगी वाजायला लागली आणि आबांच्या अंगात आलं. समोर कोण? तर तो पैलवान. आबा हरले, पण कधी? बारा मिनिटांनी! जो दोन मिनिटांत सगळ्यांना पाडायचा, त्याच्यापुढे आमचे आबा बारा मिनिटं टिकले. साक्षीला धसईचं आजोबांशिवाय कोणी नव्हतं, आणि ते गेले.

ही गोष्ट गावात कोणी म्हणता कोणी खरी मानली नाही. मास्तर वहीतून मान वर न करता म्हणायचे, "दोनाचे बारा कसे झाले, मधली पायरी दाखवा." कंडक्टर म्हणायचे, "बारा मिनिटांत माझी गाडी पुढच्या गावाला पोचायची." सगळे हसायचे. आबाही हसायचे, पण त्या दिवशी घरी भाकरी अर्धी उरायची. मला त्या दोघांचा असा राग यायचा की त्यांचं दळण मुद्दाम मागे ठेवायची मी. ठेवायचीच!

यंदा गावच्या जत्रेला कमिटीने ठरवलं की आखाड्यापाशी मोठा फ्लेक्स लावायचा, "आमच्या मातीतले थोर पैलवान". झालं! पहिला फोटो कोणाचा यावरून गिरणीत रणकंदन. मास्तरांच्या पैलवानाचा फोटोच नव्हता. कंडक्टरांच्या मामांचा होता, पण लग्नातला, मुंडावळ्यांसकट. आबा पोत्यावर हात आपटून म्हणाले, "शहापूरचा वर नसल तर मी जत्रेला पाय ठेवणार नाय!" पोतं फाटलं. माझं पोतं.

तेव्हा मास्तरांनी वही मिटली आणि म्हणाले, "तो पैलवान अजून आहे ना? धरणावर नोकरीला होता, भातसानगरला राहतो म्हणतात. त्यालाच पाहुणा म्हणून बोलवू. सगळ्यांसमोर विचारू, तुमची बारा मिनिटं खरी का खोटी."

मला वाटलं आबा उडी मारतील. ते फाटलेल्या पोत्याची सुतळी ओढत बसले. मग म्हणाले, "कशाला तरास म्हाताऱ्याला? लांब पडतं त्याला."

"घाबरलात!" कंडक्टर ओरडले.

"मी? घाबरतो? बोलवा!" आबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

मी घाबरलेला माणूस ओळखते. मला वाटलं, आबांना भीती आहे की तो विसरला असेल. एवढी वर्षं जपलेली गोष्ट, आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला "कोण हे?" तर? गावात हसू होईल, ते सोडा. आबांनाच आपली आठवण खोटी वाटायला लागेल. मी ठरवलं, आमंत्रण द्यायला मीच जाणार.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मुरबाड, मग शहापूर, मग भातसानगर, असे एसटीचे धक्के खात गेले. डोळ्यांसमोर डोंगराएवढा माणूस होता. कॉलनीत व्हरांड्यात एक लहानखुरे, चष्मेवाले आजोबा मेथी निवडत बसले होते. मी त्यांनाच विचारलं, "पैलवान घरी आहेत का?" त्यांनी मान वर केली तेव्हा कान दिसले. दोन्ही कान चुरगळून गोळा झालेले, आखाड्यात आयुष्य घातलेल्या माणसाचे. मी ओशाळून पाया पडले.

त्यांनी आमंत्रण लगेच घेतलं. चहा आला. मग मी हळूच आबांचं नाव काढलं, जत्रेचं, बैलबाजाराचं, बारा मिनिटांचं.

"बारा?" ते मेथीची जुडी खाली ठेवून हसायला लागले. "आगो, बारा मिनिटं मी कोणाला उभा ठेवला नाय. आन् किती जणांना पाडलं, कोणाकोणाला ध्यानात ठेवू?"

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, तुम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा पैलवान कोण?"

"ज्यानं मला पाडला तो!" ते ताडकन म्हणाले. कसाऱ्याकडचा कोणी होता. त्याच्या मांड्या, त्याची पकड, अर्धा तास सांगत बसले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "झालं सुरू!" मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अगं बाई, हे तर आमचे आबाच बोलतायत. ज्याने आपल्याला पाडलं तो जितका मोठा, तितकी आपली पाठ कमी मळते. मास्तर आणि कंडक्टर कधी आखाड्यात उतरलेच नाहीत, त्यांना हे काय कळणार?

निघताना मी हात जोडले. "काका, जत्रेत फक्त एवढंच म्हणा, लक्षात आहे. बारा मिनिटं टिकला म्हणा. तुमचं काय जातंय?"

त्यांनी चष्मा काढला. "बाकी काय पण सांग पोरी. मातीतलं खोटं मी बोलत नाय."

घरी आले तर आबा ओट्यावर वाट बघत होते. "काय म्हणाला गो?"

त्यांचं तोंड बघून माझी जीभ सरळ चाललीच नाही. मी म्हटलं, "लक्षात आहे म्हणाले. नाव काढलं तशी लगेच ओळख पटली."

आबांचा चेहरा खुलायच्या ऐवजी उतरला. "लक्षात हाय? काय काय लक्षात हाय?"

"सगळं!" मी ठोकून दिलं.

आबा उठून गोठ्याकडे गेले. त्या दिवशी अर्धीसुद्धा भाकरी खाल्ली नाही. मला काही कळेना.

जत्रेचा दिवस आला. भांडण मिटावं म्हणून फ्लेक्सवर सगळ्या पैलवानांचे फोटो गोलात लावले होते, पहिला कोण ते कळूच नये असे. मधोमध कमिटीच्या लोकांचे फोटो होते, पैलवानांच्या दुप्पट. मुंडावळ्यावाले मामा झळकत होते. आबांनी दाढी केली, नवी टोपी घातली, गुडघ्यांना जरा जास्तच तेल चोळलं. खोटं मी बोलले होते आणि नाक कापलं जाणार होतं आबांचं.

भातसानगरचे पैलवान आले, नारळ फुटला. लहान पोरांच्या कुस्त्या झाल्या. मग कंडक्टर थेट पाहुण्यांच्या खुर्चीपुढे उभे राहिले आणि गिरणीतल्या आवाजात ओरडले, "पैलवान, ह्यांना वळखता का?" आणि आबांना पुढे ढकललं. हलगीवालासुद्धा थांबला.

पैलवानांनी चष्मा सावरला. आबांना वरून खाली बघितलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवत होते.

"नाय," ते म्हणाले.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांनी वही उघडली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आधी कंडक्टरांना गिळावं, मग मला. आबा कसनुसं हसले, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, लई जुनं झालं," आणि नमस्काराला वाकले. वाकताना गुडघ्याने दगा दिला. ते पुढे कोलमडले तसा पैलवानांनी दंड धरून त्यांना वरच्यावर झेललं. दोघांची डोकी जवळ आली.

पैलवानांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं. परत हुंगलं. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"करंजेल!" ते गरजले. एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठे होता कोण जाणे. "तू? तू तो? आंगाला बैलाचं तेल चोपडून आखाड्यात उतरला तो?"

सगळीकडे हलकल्लोळ. आखाड्यात माणूस अंगाला माती लावतो, ती समोरच्याची पकड बसावी म्हणून. तेल लावून उतरणं म्हणजे सरळ सरळ चोरी. पंचांना वास कसा आला नाही? येणार कसा, बैलबाजाराची जत्रा, अख्ख्या रानाला करंजेलाचाच वास! आबांनी आजोबांच्या बाटलीतलं बैलाचं तेल अंगाला फासलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आबांना भीती विसरण्याची नव्हतीच, आठवण्याची होती.

"हात टाकीन तिथून सटकत व्हता!" पैलवान लोकांना सांगत होते. एका हाताने आबांची कॉलर धरलेली. "माती फेकून फेकून माझे हात दुखले! म्हणून ती कुस्ती मी धरतच नाय!"

मी पुढे धावले, म्हटलं आता आबा कोसळणार. आणि बघते तर आबांचा चेहरा उजळलेला! लग्नातसुद्धा माणूस एवढा खूश नसतो. कॉलर पैलवानांच्या मुठीत तशीच, आणि आबा विचारतायत, "किती वेळ, पैलवान? किती मिनिटं? सांगा ना ह्यांना!"

"किती म्हणजे? पंधरा मिनिटं! पंधरा मिनिटं पिदडलं मला तू, चोरा!"

"लिवून घ्या, मास्तर!" आबा ओरडले.

मास्तरांनी खरंच लिहून घेतलं. कंडक्टर वहीत डोकावून आकडा बघत राहिले. पैलवानांनी कॉलर सोडली, आबांच्या पाठीत एक जोरात थाप मारली आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पुढच्या सगळ्या कुस्त्या दोघांनी मिळून बघितल्या, आणि प्रत्येक कुस्तीवर भांडले.

संध्याकाळी आबांचा हात धरून मी घरी निघाले. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. एवढी वर्षं आम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली म्हणून रागवायचं होतं. शेवटी न राहवून म्हटलं, "आबा, पंधरा मिनिटं टिकला होतात, तर आयुष्यभर बाराच का सांगत राहिलात?"

आबा थांबले. गुडघा चोळला.

"तीन तेलाची कापली व्हती गो," ते म्हणाले.