भावाचा टीव्ही

मुंबईत नवा फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या थोरल्या भावाने आपला जुना प्रोजेक्शन टीव्ही टेम्पोत घालून आमच्याकडे मालगुंडला धाडून दिला. कपाटाएवढं धूड. माजघराच्या दारातून आत जाईना म्हणून बाबांनी चौकट काढायला लावली. मी टीव्ही दुरुस्तीतच उमेदवारी केलेली, रत्नागिरीत माझं दुकान. मी म्हटलं, "बाबा, आता कुणी वापरत नाही हे. खाऱ्या हवेत टिकायचंही नाही."

"त्याने प्रेमाने पाठवलंय. तुला कशाला पोटदुखी?"

मी टीव्ही जोडून दिला. तसा तो बरीच वर्षं चालला. मध्येमध्ये मी आतली धूळ काढायचो, आरसा पुसायचो, रंग जुळवायचो. बाबांना वाटे, चांगल्या वस्तूला काही करावं लागत नाही.

एका पावसाळ्यात तो बिघडला. बटण दाबलं की आतून चरचर आवाज यायचा, पडदा क्षणभर उजळायचा आणि लगेच सगळं बंद. बाबांनी मुंबईला फोन लावला. मी शेजारी उभा असताना भाऊ स्पीकरवर म्हणाला, "धाकट्याला हात लावू देऊ नका. मी माणूस पाठवतो."

माणूस काही आला नाही. बाबा रोज अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहायचे. शेवटी मीच मागची फळी काढली.

अशा टीव्हीत लाल, हिरवी, निळी अशा तीन ट्यूबा असतात आणि एकाच ठोकळ्यातून तिघींना हाय व्होल्टेजच्या जाड तारा जातात. करंटची गळती नेमकी कुठे आहे ते एकेक तार काढून बघावं लागतं. प्रत्येक वेळी भिंतीवरच्या बोर्डातली पिन उपसायची, साठलेला करंट जमिनीला उतरवायचा, मगच हात घालायचा. लाल काढली, तेच. निळी काढली, तेच. हिरवी काढली आणि टीव्ही बंद पडला नाही. खिडक्या लावून अंधार केला, हिरवी परत जोडून पाहिलं, तर तिच्या टोकाच्या रबरी टोपीखाली निळी ठिणगी नाचत होती. ट्यूब थंड ठेवायला तिच्यापुढे भरलेला द्रव झिरपून तिथे चिकटला होता.

पिन काढली, करंट उतरवला आणि पुसायला कापूस आणायला आत गेलो. परत येऊन हात घातला. मला काय माहीत, तेवढ्यात बाबांनी पिन पुन्हा बोर्डात खोचली होती. "झालं का, बघू तरी," असं म्हणत त्यांनी रिमोट दाबला.

कुणीतरी दंडावर पहार मारावी तसं झालं. मी मागे फेकला गेलो. कोपर कडप्प्याच्या कट्ट्यावर आपटलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. जीभ दातांखाली सापडली होती, बोलता येईना. बाबा खुर्चीतून उठले, माझ्या अंगावरून वाकून टीव्हीच्या आत पाहिलं आणि म्हणाले, "त्याचं काही जळलं नाही ना?"

बायको म्हणाली, "बाबा, हे पडलेत हो!"

"दिसतंय मला. पण वास येतोय कसला?"

कोपराचं हाड चिरलं होतं. प्लॅस्टर घालून घेतल्यावर मी एका हाताने ती टोपी धुतली, वाळवली, सिलिकॉन भरलं. ज्यात हात घातला ते अर्धवट सोडायचं नाही, ही माझी सवय. टीव्ही सुरू झाला. बाबांनी भावाला व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरला. "बघ, तुझा माल! बसला होता जरा, आपोआप उठला." मी तिथेच, गळ्यात हात अडकवून बसलो होतो. फोन माझ्याकडे वळला नाही.

पुढच्या पावसाळ्यात तीच चरचर परत सुरू झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुंबईहून माणूस मागवा," आणि दुकानाला निघून गेलो.

टीव्ही अजून तसाच बंद आहे. आल्यागेल्याला बाबा सांगतात, "आमचा धाकटा टीव्हीतलाच मेकॅनिक, पण घरच्या टीव्हीला हात लावील तर शपथ."