मामांची घरपट्टी

दिवाळीला जावयाची वाट पाहावी तशी घरपट्टीच्या नोटिशीची वाट पाहणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघावा हे माझं भाग्य. मामा गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बुधवारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या ओट्यावर जो बसेल त्याला चहाबरोबर करांचा तास अजूनही चुकत नाही. "जीएसटी चोर आहे," मामा सांगतात. "साबणाच्या वडीत लपून घरात शिरतो. सेठनं घेतली काय अन् हमालानं घेतली काय, टॅक्स सारखाच. घरपट्टी बिचारी दार वाजवते, नाव सांगते, अन् विचारते, भाऊ, घर किती मोठं? मोठं घर, मोठा टॅक्स. याला म्हणतात इन्साफ." कर भरताना इतका आनंदी चेहरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्याकडे घराचं माप ज्याचं त्यानंच फॉर्मवर लिहून द्यायचं असतं. अशा वेळी भल्याभल्यांना आपल्याच घरातली एखादी खोली आठवत नाही. मामा मात्र दर एप्रिलमध्ये घर नव्यानं मोजत. टेपचं शून्याचं टोक मामींच्या हाती, आकडा वाचायला मामा. घर काय दरवर्षी वाढतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घर नाही वाढत, जावईबापू. माणूस लबाड होतो." एका वर्षी त्यांनी मोरीवरचा पत्राही फॉर्मात लिहिला, तेव्हा महापालिकेच्या खिडकीतला बाबू काकुळतीला आला, "सर, इतना सच मत लिखो, बाकी लोग फँस जाएँगे."

गल्लीतले निम्मे फॉर्म मामाच भरत. समोरच्या काकूंचाही. नवरा गेल्यावर काकू पापड लाटून दिवस काढत होत्या, आणि घर मात्र मामांच्या दुप्पट. दोन वर्षांपूर्वी त्या घर विकायचं ठरवूनच मामांकडे आल्या. "सर, तुमचा तो चोरच चांगला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी काही घेतलं नाही तर तो येत नाही. ही घरपट्टी तर मी उपाशी असली तरी दारात हजर."

मामा टेप घेऊन उठले आणि काकूंच्या घरात गेले. खालचा मोठा हॉल उघडला. नवऱ्याचे तिथले यंत्रमाग केव्हाच विकले गेले होते, आता तिथे पापड वाळत होते. मामा मात्र दरवर्षी जुन्या फॉर्मवरून 'कारखाना' असंच उतरवून देत होते, आणि कारखान्याचा दर जबर. स्वतःच्या मोरीवरचा पत्रा न विसरणाऱ्या या माणसानं समोरचं दार उघडूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "गलती मेरी है, बाई की नहीं," आणि दर बदलेपर्यंत महिनाभर चकरा मारल्या. काकूंचं घर राहिलं. तेव्हापासून करांच्या तासात एक वाक्य वाढलं, "नुसतं घर मोजून नाही चालत, आत काय चाललंय तेही पाहावं लागतं." या वयात आपला सिद्धांत असा खोडून दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मला फार अभिमान वाटतो.

मामी या हिवाळ्यात वारल्या. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा मामा टेप हातात घेऊन दारात नुसतेच उभे होते. मी चपला काढेपर्यंत समोरून काकू पदराला हात पुसत आल्या आणि शून्याचं टोक भिंतीला लावून उभ्या राहिल्या. मामांनी एकेक खोली मोजली. शेवटी फॉर्मवर वाकून म्हणाले, "एका माणसाला इतकं घर काय करायचं, वहिनी?"

आकडा मात्र त्यांनी पूर्ण लिहिला.