एक खाच सोडून

भिवापुरी मिरचीचा ठसका लागला की मला रॅमच्या दोन पट्ट्या आठवतात. वाडीला आत्या मिरच्यांचे देठ तोडत बसली होती आणि आतल्या खोलीत आतेभाऊ मित्रांना जमवून गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवत होता. सोळा जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घे, हे त्याला मीच सांगितलं होतं. मित्रांपुढे ती अक्कल त्यानं स्वतःची म्हणून मिरवली. मग दोन्ही पट्ट्या त्यानं लागून असलेल्या खाचांत बसवल्या. "दादा, मधात एक खाच सोड ना गा, नाहीतर त्या जोडीनं चालत नाही, गेम अटकतो," मी म्हटलं. तो सगळ्यांदेखत हसला. "तू देठं तोड वं. तुले काय समजते यातलं?" मी देठ तोडले. संध्याकाळपर्यंत बोटांची आग होत होती, आणि खाचेबद्दल मी पुन्हा शब्द काढला नाही. पुढच्या रविवारी त्याच मित्रांसमोर ऐन लढाईत त्याचा गेम अडखळला, तेव्हा मी माझ्या लॅपटॉपवरून त्याला टिपलं. "माझाच काहून अटकून राहिला?" तो ओरडला. "नेट असंल," मी म्हटलं. आता मी सदरच्या बाजारात कॉम्प्युटर जुळवूनच पोट भरते. काल त्याचा फोन आला, गेम अजून अटकतो म्हणे. मी म्हटलं, "नेट बदलून पाह्य गा, दादा."