गेमच्या मशीनवरच्या अक्षता
झेंडूचा वास आला की त्या नांदेडच्या दुकानदारावर माझं डोकं आजही फिरतं. खंडेनवमीला आमच्यात विळा, कुऱ्हाड, पाण्याची मोटर, सगळ्याची पूजा होते. त्या वर्षी नातीनं टीव्हीला जोडून खेळायचं तिचं गेमचं मशीनही पुढं ठेवलं, मी कुंकू लावून अक्षता वाहिल्या. दसरा झाला आणि मशीन घरघर करून लई तापलं, बंदच पडलं. नात जेवंना, म्हणून तिला घेऊन मुदखेडहून नांदेडचं दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानदारानं मशीन खोललं, आतल्या पंख्यातून तांदूळ काढले आणि गिऱ्हाइकांना दाखवत म्हणला, "आजोबा, ह्यात पुलाव लावला व्हता का?" सगळं दुकान हसलं. त्याच्याच हत्यारांच्या पेटीवर पूजेचं कुंकू तसंच होतं. मी म्हणलं, "मग तुझ्या पेटीवर काय तिखट सांडलंय का रे?" नात माझा हात ओढून रडू लागली, "आबा, आधी नीट करून घ्या, मग भांडा!" मी ऐकलं न्हाई. खोललेलं मशीन तसंच पिशवीत घातलं अन् निघालो. नात आता लातूरला शिकायला हाय. मशीन अजून बंदच हाय, तरी दर खंडेनवमीला विळ्याशेजारी मांडतो, आणि अक्षता मूठभर वाहतो.