पहिल्या बोगद्यातला पीळ

विणकामाच्या वर्गातल्या बायका बाईंना पाठीमागे उसवबाई म्हणायच्या, आणि त्यात कणभरही अतिशयोक्ती नव्हती. चपलांच्या दुकानावरच्या त्या एका खोलीत बाईंनी तीस वर्षं वर्ग चालवला. कुणाचं विणकाम हातात घेतलं की चष्मा वर-खाली करायच्या, कुठेतरी बोट ठेवायच्या, आणि 'चूक' एवढाच शब्द बोलून सुई सर्रकन बाहेर ओढायच्या. मग सगळ्यांसमोर धागा ओढत बसायच्या. महिन्याभराचं काम चहा निवायच्या आत गुंडा होऊन परत हातात. रडलात तर म्हणायच्या, "रडा, पण लोकरीवर नको. ओली होते."

पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर बसणारी एक बाई त्या वर्गात दोन वर्षांपूर्वी आली. सगळ्या तिला पोस्टातलीच म्हणायच्या. तिचे वडील दम्याने इस्पितळात होते आणि तिथल्या खिडकीची फट काही केल्या बुजत नव्हती. तिने त्यांच्यासाठी वेणीच्या नक्षीचा स्वेटर विणायला घेतला. बाईंनी तो तीन वेळा उसवला. पहिल्यांदा गळ्यासाठी, दुसऱ्यांदा मुंढ्यासाठी, आणि तिसऱ्यांदा पाठीवरच्या एका वेणीसाठी, जी डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली होती. पाठीवरची वेणी! वडील पलंगावर पाठ टेकून झोपलेले, ती बघणार कोण होतं? ती भेटायला गेली की वडील माप द्यायला दोन्ही हात वर करायचे आणि विचारायचे, "झाला का गं?" एक बाही राहिली असताना ते गेले. इस्पितळाच्या चादरीत गेले.

बाराव्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा बाई म्हणाल्या, "वाईट झालं. पण चुकीचा स्वेटर अंगात घालून गेले नाहीत, हेही काही कमी नाही."

त्यानंतरही ती वर्ग सोडेना. घरच्यांना वाटलं, जीव रमतोय. जीव कसला रमतोय! बाई एकदा तरी चुकतात का, ते तिला बघायचं होतं. त्यासाठी ती दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

दर वर्षी बाई वर्गातल्या सहा-सात जणींना घेऊन डोंगरातल्या गाडीने विणायला जायच्या. दोन दिवसांचा प्रवास, मध्ये एक मुक्काम. नियम एकच. पहिल्या स्टेशनावर टाके घालायचे आणि शेवटच्या स्टेशनावर वस्तू पुरी करून उतरायचं. कुणी टोपी विणायची, कुणी मोजे. बाई मात्र दर वर्षी एकच वस्तू विणायच्या, धाकट्या बहिणीसाठी बिनबाह्यांचा जाड स्वेटर. ही धाकटी शेवटच्या स्टेशनाजवळच्या एका आश्रमात राहायची. पन्नाशी उलटली तरी तिची समज पाच वर्षांच्या पोरीएवढीच होती. दुसऱ्या कुणाच्या हातचं काही अंगाला लावून घ्यायची नाही. बाईंचा स्वेटर वर्षभर घालून त्याच्या चिंध्या करायची आणि फलाटावर नव्याची वाट बघत उभी राहायची. हे सगळं वर्गातल्या एका निवृत्त नर्सने यंदा गाडी सुटायच्या आधीच पोस्टातलीला सांगितलं. नर्सची ही पाचवी खेप होती, पोस्टातलीची पहिलीच.

"एक वर्ष नाही मिळाला तर?" पोस्टातलीने सहज विचारलं.

"तिला वर्ष कुठं कळतंय? तिला एवढंच कळतं, ताई येते आणि अंगात स्वेटर घालते."

गाडी निघाली. बाई उजेडासाठी खिडकीशी बसल्या, पोस्टातली समोर. बाईंनी गोल सुईवर, म्हणजे तारेने जोडलेल्या दोन सुयांवर, दीडशे टाके घातले आणि दोन्ही टोकं जुळवून पहिला वेढा जोडायला घेतला, तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली. डब्यातले दिवे काही लागले नाहीत. वर्गात बाई घसा फोडून सांगायच्या की वेढा जोडताना टाके सगळे एका बाजूला तोंड करून आहेत का ते बघा. एकदा का त्यांना पीळ पडला की तो मरेपर्यंत निघत नाही, वर कितीही विणा, सगळं उसवण्यावाचून गत्यंतर नाही. पण अंधारात थांबतील त्या बाई कसल्या! सुयांची टकटक चालूच राहिली. गाडी उजेडात आली तेव्हा वेढा जोडून झाला होता, आणि सुईच्या तारेखाली टाक्यांची कड एका ठिकाणी उलटी वळली होती.

पोस्टातलीला ती लगेच दिसली. तिने आधी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. कड वळलेलीच होती. मग तिने नर्सकडे पाहिलं, तर नर्सनेही पाहिलेलं होतं. पलीकडच्या दोघी जावा एकमेकींना कोपरं मारत होत्या. तासाभरात सगळ्या डब्याला कळलं. कळलं नाही ते फक्त बाईंना.

आता दिसेल, मग दिसेल, असं करत सगळ्या वाट बघत राहिल्या. बोटभर विणून झालं, वीतभर झालं, तरी बाईंच्या सुया आपल्या चालूच. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाईंना दिसतच नव्हतं. डोळे गेले होते, आणि कधीपासून कोण जाणे, बाई नुसत्या बोटांवर आणि तोऱ्यावर वर्ग हाकत होत्या. आपले स्वेटर ज्या चुकांसाठी उसवले त्या चुका तरी होत्या का, असा प्रश्न प्रत्येकीला पडला, आणि त्यानंतर कुणाला दया म्हणून राहिली नाही.

"बाई, काय वेग आहे हो तुमचा!" थोरली जाऊ म्हणाली.

"बघून तरी शिका," बाई म्हणाल्या. धाकट्या जावेला हसू आवरेना, तिने मोज्यात तोंड खुपसलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत बाईंनी विणकाम पलंगावर पसरायला घेतलं. पसरलं असतं तर पीळ हाताला लागलाच असता. पोस्टातली चटकन पुढे झाली.

"राहू द्या बाई, चादर मळकी आहे. मी मोजते."

तिने स्वेटर तसाच दुमडलेला धरून टेप लावली. "दहा इंच. अगदी बरोबर आहे."

"बरोबर असणारच," बाई म्हणाल्या.

नर्स दाराशी उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर ती पुटपुटली, "सांगायला हवं होतं. अजून वेळ आहे. आपण सगळ्यांनी मिळून विणलं तर उद्यापर्यंत होईल."

"मग सांगा ना," पोस्टातली म्हणाली.

नर्सचा पहिला स्वेटर बाईंनी पाच वेळा उसवला होता. ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटचं स्टेशन तीन तासांवर असताना, बाईंनी मुंढे पाडायला म्हणून विणकाम मांडीवर पसरलं. त्यांची बोटं कडेवरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा तिथेच थांबली.

"कुणाला दिसलं होतं?" बाईंनी विचारलं.

सगळ्या आपापल्या सुयांकडे बघत होत्या.

"काल तू मोजलंस. तेव्हा दिसलं?"

"त्याच्या आधीच," पोस्टातली म्हणाली. "पहिल्या बोगद्यातनं बाहेर आलो तेव्हा."

बाई चिडतील, निदान रडतील, असं तिला वाटलं होतं. बाईंनी सुई बाहेर ओढली, धाग्याचं टोक शोधून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "उसव."

"बाई, मी..."

"चूक ती चूक. उसव."

तिने उसवायला सुरुवात केली. खोटं कशाला बोला, पहिल्या दहा ओळी उसवताना तिला बरं वाटलं. दोन वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी सुटतंय असं वाटलं. पण धागा संपता संपेना. कुरळी झालेली लोकर तिच्या मांडीवर साचत गेली, समोर बाई हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसल्या, आणि त्यांना बाहेरचंही काही दिसत नाहीये हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. नर्स रडायला लागली. "रडा, पण लोकरीवर नको," असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

शेवटचं स्टेशन आलं. फलाटावर वारा बोचत होता. आश्रमातली सेविका एका ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाईचा दंड धरून उभी होती. त्या बाईच्या अंगावर गेल्या वर्षीचा स्वेटर होता, पोटाशी मोठं भोक पडलेला. ताईला बघताच तिने दंड सोडवून घेतला आणि दोन्ही हात सरळ वर केले. डोकं आत घालायला सोपं जावं म्हणून मानही वाकवली.

"झाला का?" तिने विचारलं.

पोस्टातलीला इस्पितळातला पलंग दिसला. तेच दोन शब्द, तेच वर केलेले हात.

बाईंनी बहिणीचे हात धरून खाली आणायचा प्रयत्न केला. ते येईनात. सेविका म्हणाली, "पहाटेपासून असंच चाललंय. जुना काढायला निघाली होती, मीच थांबवलं."

"ताई, झाला का?"

बाईंनी मागे वळून चाचपडत पोस्टातलीचा खांदा शोधला आणि तिला पुढे ओढलं. तिच्या हातात लोकरीचे चार गुंडे होते.

"मला दिसत नाही," बाई बहिणीला म्हणाल्या. "हिला दिसतं. हिला विचार."

धाकटी पोस्टातलीकडे वळली. हात तसेच वर होते.